प्रार्थनेतून काढलेलं नाव

त्या शनिवारी आमच्या घराची पाळी होती. दोन हंगाम कोरडे गेले होते आणि विहिरीतून बादली वर यायची ती अर्धी चिखलानं भरून. गावातल्या ख्रिस्ती मंडळीची रीत अशी होती की ज्या घराची पाळी, तिथं शनिवारी सगळ्यांनी राबायचं, आणि त्या घरानं सगळ्यांना जेवू घालायचं. मी शहरातल्या कॉलेजात शिकवते; रजा घेऊन आले होते, म्हणून मलाही रांगेत उभं केलं.

माझा धाकटा भाऊ आणि आणखी दोघं खाली गाळात गुडघाभर उतरले होते. बादली वर आली की गाळ घमेल्यात ओतायचा आणि घमेलं हातोहात कुंपणापर्यंत पोचवायचं. माझ्या एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला पेटीमावशी. ती देवळात, म्हणजे चर्चमध्ये, पेटी वाजवते म्हणून हे नाव. सगळं गाव तिला तेवढ्याच नावानं ओळखतं.

"ताई, घमेलं पोटाशी धर," पेटीमावशी म्हणाली. "लांब धरलंस की कंबर गेली समज. बाळ धरतो तसं धर."

"तिला बाळ धरायची सवय कुठंय?" आई म्हणाली, आणि सगळी रांग हसली.

मीही हसले. मी आईच्या पायांकडे बघत होते. वर सगळीकडे धूळ होती, ओलं काय ते विहिरीच्या तळाशी, आणि आईनं भर उन्हात भावाचे जुने गमबूट घातले होते.

"ते कशाला घातलेस?"

"गाळात साप असतात."

"गाळ खाली आहे. साप काय बादलीत बसून वर येणार?"

"आला तर?" ती म्हणाली आणि घमेलं माझ्या हातात ढकललं.

घमेलं पुढं दिलं की ती दर वेळी कमरेवर हात ठेवून लांब बघायची. लोकांना वाटत असेल, ढग बघतेय. ढग नव्हतेच. तिचा वरचा ओठ निळसर झाला होता आणि ती तोंड मिटून नाकानं श्वास घेत होती, सावकाश, कोणाला ऐकू जाऊ नये असा.

विहिरीच्या काठाला शिंपीकाका उलट्या खोक्यावर बसून दोराचे विसविशीत झालेले पदर पुन्हा पिळून देत होते. त्यांना रांगेत घेतलं नव्हतं. डाव्या पायाच्या अंगठ्याला जखम होती, साखरेच्या आजारानं ती भरून येत नव्हती, आणि ते 'प्रार्थनेत' होते. म्हणजे असं: मंडळीत कोणी आजारी पडलं की पाळक दर रविवारी त्याचं नाव घेऊन प्रार्थना करतात. नाव असेपर्यंत माणूस पंख्याखालच्या पुढच्या बाकावर बसतो, त्याच्या घरी पथ्याचा डबा जातो, त्याला काम सांगत नाहीत. मग एखाद्या रविवारी तो उठतो, मी बरा झालो अशी साक्ष देतो, आणि नाव प्रार्थनेतून निघतं. डबा थांबतो. पुढच्या शनिवारी तो रांगेत असतो.

आईचं नाव आदल्या वर्षी निघालं होतं.

"अहो खालचे," शिंपीकाका विहिरीत वाकून ओरडले, "पाणी लागलं की सांगा, मी सूट शिवून आणतो पोहायचा!"

"तुमचं माप तुम्हीच घ्या काका, आमच्याकडे एवढी मोठी टेप नाही," खालून भावाचा आवाज आला.

दुपारी झाडाखाली एकच मोठं पातेलं. पेटीमावशीनं चाखून पाहिलं आणि आणखी एक मूठ मीठ टाकलं. राबलेल्या माणसांना मीठ जास्त लागतं. आईनं ताटलीभर घेतलं, संपवलं, पुन्हा पुढं केली. मी हळूच म्हटलं, "आई, मीठ." पाहुण्यांसमोर भलतंच बोललेल्या पोरीकडे बघावं तसं तिनं माझ्याकडे बघितलं.

"भूक लागलीय गं," ती मोठ्यानं म्हणाली. "काम केल्यावर लागतेच."

संध्याकाळी सगळे गेल्यावर तिनं मला आतल्या खोलीत बोलावलं. भावाला नाही, मला. "दार लाव," म्हणाली. गमबूट निघत नव्हते. मी जमिनीवर बसून टाच धरली आणि ओढली. तिनं पलंगाची पाटी धरली. बूट निघाला तेव्हा रबराचा आवाज झाला आणि तिनं डोळे मिटले. आत जाड मोजे. मोज्याच्या वर कातडीत खोल वळ पडला होता. मी नडगीवर अंगठा दाबला. अंगठा काढला तरी खड्डा तसाच राहिला.

"कधीपासून?"

"उन्हानं होतं."

"गोळ्या?"

"घेते की. रोज घेते." तिनं हनुवटीनं स्वयंपाकघराकडे दाखवलं. "पिठाच्या डब्यामागं आहेत."

"तिथं का?"

"माणसं येतात-जातात."

"सोमवारी डॉक्टरकडे जायचं."

"जाऊ."

तिनं इतक्या पटकन हो म्हटलं की माझा विश्वास बसला नाही. "आणि उद्या पुढच्या बाकावर बस," मी म्हटलं. तिनं माझ्या मांडीवरून पाय काढून घेतला. मोठा जड पाय, दोन्ही हातांनी उचलून.

"तिथं मी बसणार नाही. तिथून मी सगळ्यांदेखत उठलेय."

सकाळी ती माझ्या आधी उठली. भाऊ विहिरीवर गेला होता. परत आला तेव्हा ती गोठ्यात, धार काढायच्या स्टुलावर, भिंतीला टेकून बसलेली होती. बादलीत दूध होतं. गाय पाय न हलवता उभी होती. भावानं आधी बादली उचलून बाजूला ठेवली. का ठेवली, ते त्याला नंतरही सांगता आलं नाही.

डॉक्टर यायच्या आधी पेटीमावशी आली. केस अर्धे विंचरलेले. तिनं बायकांना कामं लावली, एकीला पाणी तापवायला, एकीला चादरी काढायला. आतल्या खोलीत आम्ही दोघीच उरलो तेव्हा तिनं कडी लावली, पलंगाच्या पायथ्याशी बसली आणि आईचे मोजे वरून गुंडाळत गुंडाळत काढले, झोपलेल्या लेकराचे काढावेत तसे. वळ दिसला. सुजेनं ताणून चकाकणारी कातडी दिसली. मी पेटीमावशीच्या चेहऱ्याकडे बघत होते.

तिला नवल वाटलं नाही.

आम्ही दोघींनी पाय धुतले. मग तिनं स्वच्छ मोजे मागितले, घातले, आणि कडी काढली.

जमीन इतकी वाळली होती की खड्डा खणताना कुदळीतून ठिणग्या उडत होत्या. माणसं आळीपाळीनं उतरत होती. शर्टांवर घामाचे पांढरे नकाशे. पाळक थोडकंच बोलले. मग गीत झालं. भावाला सकाळपासून हुंदक्यांनी धड श्वास घेता येत नव्हता. दुसऱ्या कडव्यापर्यंत त्याची छाती इतरांच्या छातीबरोबर वरखाली व्हायला लागली, तिसऱ्याला तो गात होता. मी त्याबद्दल वाचलेलं आहे. एकत्र गाणाऱ्यांचे श्वास जुळतात, चार माणसांत असणारी माणसं जास्त जगतात, एकटेपणा छातीवर बसतो, असं बरंच. वाचलेलं खोटं नव्हतं.

बाबा गेले त्या वर्षी आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. केस धुवायची नाही. जेवण समोर ठेवलं की म्हणायची, ठेव. मी आले, राहिले, समजावलं, शहरातल्या एका चांगल्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं, परत गेले. काही हललं नाही. मग पेटीमावशी येऊन पलंगाच्या कडेला बसली. देवाचं काही बोलली नाही. म्हणाली, "गीतात खालचा सूर धरायला कोणी नाही. वरच्या सगळ्या कावळ्या आहेत. तू येतेस का?" आणि आई उठली. झोपायला लागली, जेवायला लागली, भावाला ओरडायला लागली. छातीत पाणी झाल्याचं निघालं तेव्हा मंडळीतल्या लोकांनीच तिला उचलून दवाखान्यात नेलं, आळीपाळीनं जागले, बिनमिठाचे डबे पोचवले. हे सगळं खरं होतं. म्हणूनच यांच्यावर संशय घेणं जड जात होतं, आणि म्हणूनच तो जातही नव्हता. ज्या हातांनी उठवलं त्याच हातांनी पुढं किती ढकललं, हे मला कळायला हवं होतं.

साक्ष दिली त्या दिवशी तिनं मला फोन केला होता. "मी बरी झाले. नाव काढलं आज."

"डॉक्टर म्हणाले?"

"सगळे म्हणाले," आई म्हणाली.

पुरल्याच्या दुसऱ्या दिवशी मंडळी आली आणि अर्धी राहिलेली विहीर उपसायला लागली. कोणी बोलावलं नव्हतं. मी आत भांडी घासत होते, पेटीमावशी पुसत होती.

"तुला ठाऊक होतं," मी म्हटलं.

तिनं ताटली उलटी केली, पुसली, पुन्हा सुलटी केली.

"प्रभुभोजनाआधी आम्ही बायका एकमेकींचे पाय धुतो. तुझी आई माझ्या वाट्याला आली. मोजे काढेना. म्हणाली, थंडी वाजते. उकडत होतं. मी म्हटलं, बरं. मोज्यांवरूनच पाणी घातलं, मोज्यांवरूनच पुसलं."

"आणि विचारलं नाहीस."

"बोटांना कळलं की, ताई. विचारायचं काय राहिलं?"

"मग बोलली का नाहीस?"

"कोणाला बोलू? तिनं सगळ्यांसमोर सांगितलेलं, बरी झाले. मी उठून म्हणू, खोटं बोलतेय?" तिनं फडकं झटकलं. "आणि खोटं तरी कसं म्हणू? भिंतीकडं तोंड करून पडलेली बाई तू बघितलीस ना? ती बरी झाली नव्हती?"

"छाती बरी झाली नव्हती."

"छाती नव्हती झाली," ती म्हणाली. पुढची ताटली उचलून म्हणाली, "मीठ मी मुद्दाम नाही गं टाकलं. सगळे मागतात."

तिला वाईट वाटत होतं की ती माझ्याआधी स्वतःला सोडवून घेत होती, ते मला तेव्हा ठरवता आलं नाही. आजही येत नाही.

दोन दिवसांनी शिंपीकाका भावाचा काळा शर्ट उसवून, मोठा करून घेऊन आले. काठी दाराशी ठेवली, खुर्चीत बसले, पाय लांब केला. बुटाचं टोक कापून अंगठ्याला जागा केली होती. त्यातून पट्टी दिसत होती आणि गोडसर, कुजका वास येत होता. वास जणू नाहीच अशा ते गप्पा मारत राहिले. मापं, बटणं, हल्ली कोणाचं पोट किती सुटलंय. मग म्हणाले,

"रविवारी तुझ्या आईसाठी उपासना आहे. त्याच दिवशी मीपण नाव काढतोय."

"पायाला विचारलंत का काका?"

"पाय काय बोलणार? पायाच्या वर मी बसलोय ना!"

"डॉक्टरांनी अंगठ्याबद्दल काय सांगितलं?"

"तो कापूया म्हणतो. मी म्हटलं, कापायचं काम माझं, तू आपला सुया टोच." ते स्वतःच हसले, मग थांबले. "ताई, पुढच्या बाकावर बसून बघ एकदा. माणसं हळू बोलतात आपल्याशी. डबा देताना मान अशी तिरकी करतात. शनिवारी खोक्यावर बसवतात. तुझी आई उठली तिथून, रांगेत गेली. मीही जाणार. शेवटपर्यंत उभी होती बघ!"

शेवटपर्यंत उभी होती, हे त्यांनी फार कौतुकानं म्हटलं. ते गेल्यावर वास खोलीत राहिला. मी खुर्ची अंगणात नेऊन ठेवली.

त्या आठवड्यात मी लक्ष देऊन विचारत गेले. आईच्या साक्षीनंतर मंडळीत बरेच जण बरे झाले होते. गुडघे बरे झाले, दमा बरा झाला, एकीची झोप परत आली. काहींचं खरंच बरं झालं असेल. माणसांत आलं, काम केलं, घाम गाळला की झोप येतेच. पण ऐकताना मला वाटत राहिलं की बरं होण्याची साथ आलीय, आणि ती ज्याला लागत नाही त्याला लाज वाटतेय.

पाळक आठवडाभर सायकली दुरुस्त करत. दुकान म्हणजे पत्र्याखाली एक बाकडं, टांगलेले टायर आणि पाण्याची पसरट कुंडी. मी गेले तेव्हा ते ट्यूब पाण्यात बुडवून पंक्चर शोधत होते.

"बस ताई. हात असे आहेत, नाहीतर…"

"एकच विचारायचंय. आईला साक्ष द्यायला कोणी उभं केलं?"

ते ट्यूब फिरवत राहिले. "कोणी नाही. तीच इथं आली. तू उभी आहेस तिथंच उभी होती. म्हणाली, माझं नाव काढा."

"आणि तुम्ही काढलंत."

"मी विचारलं, डॉक्टर काय म्हणतात? म्हणाली, डॉक्टर खूश आहेत."

"तुम्हाला पटलं?"

"माणूस बरं वाटतंय म्हणतो, त्याला मी नाही कसं म्हणू? विश्वास ठेवणं हे कामच आहे माझं."

"सायकलवाल्यानं हवा आहे म्हटलं तर तुम्ही पाण्यात घालून बघता."

त्यांनी पहिल्यांदा मान वर केली. रागावले नाहीत, थकलेला चेहरा, कपाळावर काळं बोट उमटलेलं.

"ती म्हणाली, दर रविवारी माझं नाव ऐकलं की मी गेल्यासारखी वाटते. सगळे डोळे मिटून माझ्यासाठी बोलतात आणि मी जिवंत तिथंच बसलेली. मला त्यातून काढा, मला काम द्या." त्यांनी हात फडक्याला पुसले, फडक्यावर पांढरी जागा कुठं उरली नव्हती. "तिला नाही म्हणणारं माणूस तू तुमच्या घरात तरी बघितलंस का?"

बघितलं नव्हतं. पण मला दिसत होतं की हे उत्तर त्यांनी आधी घोळवून ठेवलेलं आहे.

"रविवारी काय सांगणार तिच्याबद्दल?"

"खरं तेच. आजारातून उठली, राबली, राबता राबता गेली. लोकांना धीर येतो, ताई. वर्ष कोरडं आहे. गळपटलेली माणसं आहेत."

"शिंपीकाकांना आलाय धीर. अंगठा कुजतोय त्यांचा."

"मी त्यांना दवाखाना सोडा म्हटलेलं नाही. कोणालाच कधी म्हटलेलं नाही."

"नाव काढू नका, थांबा, असं म्हटलंत?"

ट्यूबमधून एक बुडबुडा आला. त्यांनी तिथं खुणेची काडी टोचली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाला हाक मारली.

शनिवारी संध्याकाळी भाऊ जेवायला बसला. विहिरीला थोडं पाणी लागलं होतं. त्याच्या नखांत अजून गाळ होता.

"ताई, उद्या तिथं काही बोलू नकोस."

"मी बोलणार आहे असं कोणी सांगितलं?"

"तू बोलायची असलीस की भांडी फार घासतेस." त्यानं घास चावला. "तू परवा जाशील. मला इथं राहायचंय. विहीर कोणी उपसली? आईला खांदा कोणी दिला? मी रात्री एकटा असलो की कोण येऊन बसतं? तुझी पुस्तकं?"

"त्यांनी आईचे सुजलेले पाय बघितले आणि घमेलं दिलं."

"तिनं मागितलं!" त्यानं ताट सरकवलं. "मागितलं म्हणून दिलं. घमेलं हातात असलं की ती कशी दिसायची, बघितलं नाहीस का तू? मला ती पडून राहिलेली नको होती, ताई. मला ती तशी परत नको होती."

आणि तो रडायला लागला. त्याच्या पाठीवर हात ठेवून मी उभी राहिले. त्याचंही बरोबर होतं. पण उद्या सकाळी तो शिंपीकाकांच्या शेजारी बसणार होता, आणि काका उठले की सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवणार होता.

रविवारी देऊळ भरलं होतं. पत्र्याचं छप्पर तापून मधूनमधून टक्कन वाजत होतं. पुढच्या बाकावर शिंपीकाका एकटेच. केसांना तेल, अंगात स्वतः शिवलेला कोट, उन्हाळ्यात कोट, आणि कापलेल्या बुटावर काळा रंग लावलेला. पेटीमावशीनं आईच्या आवडीचं गीत घेतलं. खालचा सूर धरायला कोणी नव्हतं. वरच्या सगळ्यांना ते ऐकू आलं आणि गीत जरा डळमळलं.

पाळक दुकानात म्हणाले होते तसंच बोलले. आजारातून उठली. राबली. राबता राबता सुखानं गेली. चांगलं बोलले. मागं बायका डोळे पुसत होत्या. भावाचा हात माझ्या मनगटावर होता, घट्ट नव्हे, नुसता ठेवलेला.

"आता कोणाला साक्ष द्यायची असेल तर," पाळक म्हणाले.

शिंपीकाकांनी बाकाची पाठ धरली, काठी रोवली आणि उठायला लागले. चेहरा पांढरा पडला. कोणीतरी आधार द्यायला पुढं झालं, त्यांनी हातानं परत पाठवलं. मी भावाचा हात काढून त्याच्या मांडीवर ठेवला आणि उभी राहिले.

पाळकांनी माझ्याकडे बघून मान हलवली. मुलगी आईबद्दल चार शब्द बोलणार. त्यांनी काकांना खुणेनं जरा थांबवलं.

"माझी आई बरी झाली नव्हती," मी म्हणाले.

पंख्याचा आवाज मोठा झाला.

"तिला बरं वाटत होतं. ते तुमच्यामुळे, ते मी नाकारत नाही. आमच्याच्यानं झालं नाही ते तुम्ही केलंत. पण ती आजारी होती. इथं उभी राहून तिनं साक्ष दिली तेव्हाही होती. गोळ्या ती तुमच्यापासून लपून घेत होती. आणि हे इथं काहींना ठाऊक होतं."

पेटीमावशीनं मान खाली घातली. तिचे हात पेटीवर होते आणि भाता अर्धा उघडा राहिला होता, त्यातून हवा हळूहळू निघून जात होती.

"ताई," पाळक मऊ आवाजात म्हणाले, "दुःखात माणूस…"

"दुःखात आहे म्हणून बोलतेय. एरवी तुमच्या देवळात येऊन बोलले नसते." मी शिंपीकाकांकडे वळले. ते अर्धे उठलेले, अर्धे बसलेले, तसेच अडकले होते. "काका, बसा."

"मी अजून काही बोललोच नाही!"

"म्हणूनच बसा."

मागं कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. काका माझ्याकडे बघत होते, रागानं, आणि रागाखाली दुसरं काहीतरी होतं; खूप वेळ उभ्या माणसाला कोणी बसायला सांगावं तसं. ते बसले. बाक करकरला.

आता मीही बसायला हवं होतं. सांगायचं ते सांगून झालं होतं. भाऊ जमिनीकडे बघत होता. पण पाय वाकेनात. इतकी वर्षं फोनवर मी आईला गोळ्यांचं विचारलं, डॉक्टरांचं विचारलं, झोपेचं विचारलं, आणि ती मला बरी आहे, बरी आहे, काम करते, असं सांगत राहिली, जणू तेवढ्यावरच मी तिला ठेवून घेणार होते. समोर पाळक होते, मंडळी होती, पण मी कोणाकडे बघत होते मला ठाऊक नाही.

"आजारी असती तरी चाललं असतं मला," मी म्हणाले. आवाज माझ्या वर्गातला राहिला नव्हता. "तिच्या हातून काही काम झालं नसतं, तरी चाललं असतं. आई, तू नुसती बसून राहिली असतीस, दिवसभर, चिडचिड करत, कोणाच्या उपयोगाची नसतीस, तरी मला तू हवी होतीस."